आधी तुम्ही, मेजरसाहेब

मेजर काकासाहेबांचा फोन आला तो अण्णासाहेबांच्या घरी, कारण बद्रीनाथरावांकडे फोन नव्हता. म्हणजे अर्ज केलेला होता, पण तो टेलिफोन खात्यातल्या कुठल्यातरी टेबलावर ऐसपैस बसला होता. बद्रीनाथराव स्वतः जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागात वरिष्ठ सहायक. अर्जाला घाई करायची नसते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तोवर जालन्याच्या त्या अख्ख्या कॉलनीचे फोन अण्णासाहेबांच्या बैठकीत येत. ज्याचा फोन असेल तो येई आणि त्याच्या मागोमाग चार घरची माणसं ऐकायला येत. एकट्यानं फोनवर बोलणं हे कॉलनीत शिष्टपणाचं लक्षण समजत.

हा फोन तर साधा नव्हताच. बद्रीनाथरावांची उज्ज्वला एका बियाणांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथंच मेजरसाहेबांचा रणजित होता. पोरांनी आपापसात ठरवून टाकलं होतं आणि घरी सांगितलंही होतं. जात, कूळ, पत्रिका सगळं बराबर जुळत होतं, त्यामुळे बद्रीनाथरावांना विरोध करायलाही काही जागा उरली नव्हती. आता दोन बापांची भेट तेवढी राहिली होती. पोरीनं पसंत केलेलं स्थळ आपल्या एखाद्या वेड्यावाकड्या शब्दानं मोडू नये, या धास्तीनं त्यांना पंधरा दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

"बद्रीनाथराव," पलीकडून फौजी आवाज आला, "ते बैठका, पाहणं-बिहणं बिलकुल नको. पोरांनी एकमेकाला पाह्यलंय. आपण दोघं रविवारी सकाळी गोल्फ खेळू. चालता चालता बोलू. खेळता ना?"

बद्रीनाथरावांनी आयुष्यात गोल्फची काठी पाहिली नव्हती. पण मुलाच्या बापाला 'नाही' म्हणायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती. त्यांच्या वडिलांनी तीन मुलींची लग्नं केली आणि तिन्ही व्याह्यांसमोर 'हो' सोडून दुसरा शब्द काढला नाही. ते रक्त बोललं.

"हो हो," बद्रीनाथराव म्हणाले, "थोडंफार."

फोन ठेवला तेव्हा बैठकीतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. एसटी डेपोत कंट्रोलर असलेला पुंजाराम शेवटी म्हणाला, "थोडंफार कधी खेळले हो तुम्ही? मी तं तुम्हाला कॅरमवर पावडर टाकताना बी पाह्यलं न्हाई."

गोल्फचं मैदान जालन्यात असायचं कारण असं. कंपनीचे विलायती भागीदार आले की मंठा रोडवरच्या फार्मवर उतरत आणि संध्याकाळी त्यांना करमत नसे. म्हणून मालकांनी पडीक रानात सहा खड्ड्यांचं मैदान करून घेतलं. मेजरसाहेब मूळचे टेंभुर्णीचे, फौजेतून निवृत्त होऊन त्या फार्मचे व्यवस्थापक झालेले. मैदानाची देखरेख त्यांच्याकडेच होती. विलायती पाहुणे वर्षातून एकदा येत. बाकीचे दिवस मेजरसाहेब एकटेच खेळत आणि एकटेच जिंकत.

आता शिकवणार कोण? तर अण्णासाहेब. अण्णासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. पूर्वी कधीतरी ते पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते आणि त्या वर्गाच्या खिडकीतून गोल्फचं मैदान दिसे. प्रशिक्षणात काय शिकवलं हे त्यांना आठवत नव्हतं, पण खिडकीतलं सगळं आठवत होतं.

"हा खेळ खेळायचा नसतोच," अण्णासाहेबांनी पानाला चुना लावत सांगितलं. "हा वागायचा खेळ आहे. समोरचा मारायला उभा राहिला की बोलायचं नाही. खोकायचं नाही. आपली सावली त्याच्या चेंडूवर पडू द्यायची नाही. त्याचा चेंडू आणि खड्डा यांच्यामधून चालायचं नाही. वाळूत पाय उमटला तर आपण पुसायचा. चेंडूला हात लावायचा नाही, पाय तर नाहीच नाही. आणि आपले फटके आपण मोजायचे. पंच नसतो."

"पंच न्हाई?" पुंजाराम म्हणाला. "मंग भांडण मिटवतं कोण?"

"भांडतच नाहीत."

"मंग हा खेळ आपल्याकडं चालायचा न्हाई," पुंजारामनं निकाल दिला.

इथपर्यंत बद्रीनाथरावांना सगळं जमण्यासारखं वाटत होतं. गप्प बसणं, बाजूला सरकणं, वाटेत न येणं, हे त्यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत दुसरं काय केलं होतं? पण अण्णासाहेबांनी शेवटचा नियम सांगितला. "मागच्या खड्ड्यात जो जिंकतो, तो पुढच्याला पहिला मारतो. त्याला मान म्हणतात."

मान हा शब्द ऐकल्याबरोबर दाराआड उभ्या असलेल्या दुर्गाबाई पुढं आल्या. बद्रीनाथरावांच्या या पत्नी खेळाच्या बाबतीत अडाणी असतील, पण मानपानात त्यांचा हात धरणारं कॉलनीत कोणी नव्हतं.

"म्हंजे तुम्ही जिंकले," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तं मुलाच्या बापाच्या आधी मारणार? अन् ते तुमच्या मागं उभे राहून बघणार? अहो, पोरीला काय जल्माची घरी ठेवायची हाय का?"

बैठक एकदम गंभीर झाली. मुलीचा बाप वऱ्हाडाच्या पुढं चालला असं जिल्ह्यात आजवर घडलं नव्हतं. बराच खल झाला आणि बद्रीनाथरावांनी एकही खड्डा जिंकायचा नाही, असं एकमतानं ठरलं.

"ते सोपं हाय," पुंजाराम म्हणाला. "त्यान्ला खेळता येतंय कुठं?"

हे खरं असलं तरी चारचौघांत म्हणायला नको होतं, असं बद्रीनाथरावांना वाटलं. हरायलासुद्धा काठी चेंडूला लागावी लागते. म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री उलटी धरून आणि एक रबरी चेंडू घेऊन कॉलनीच्या मोकळ्या जागेत सराव सुरू केला. पहिले काही फटके हवेत गेले. मग जो लागला तो थेट शेजारच्या नंदाबाईंच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडला. बद्रीनाथरावांना खेळाचे नियम पाठ होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. नंदाबाईंना नियम माहीत नव्हते, त्या अर्धा तास बोलल्या. तोवर बद्रीनाथराव खाली बसून मोडक्या कुरडयांचे तुकडे मूळच्या जागी जुळवून ठेवत होते, त्यानं नंदाबाई जास्तच भडकल्या.

दुसरा घोटाळा कचेरीत झाला. फार्म शहराच्या हद्दीबाहेर. रविवार असला तरी मुख्यालय सोडायला परवानगी लागते, असा नियम आहे. तो कोणी पाळत नाही, पण बद्रीनाथराव पाळत. त्यांनी रीतसर अर्ज केला आणि कारणाच्या जागी खरं तेच लिहिलं, 'गोल्फ'. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. मग त्यावर शेरा मारला, 'सदर खेळ शासनमान्य आहे किंवा कसे?' अर्ज क्रीडा विभागाकडे गेला. तिथून 'सदर बाब लघुसिंचन विभागाशी संबंधित दिसते, कारण मैदानास पाणी लागते' असं उत्तर घेऊन परत आला आणि शनिवारी एकदाची परवानगी मिळाली. या ये-जा करण्यात बद्रीनाथराव गोल्फ खेळतात ही बातमी सगळ्या जिल्हा परिषदेत पसरली. मोठ्या अधिकाऱ्यांशिवाय कोण गोल्फ खेळतं, अशा समजुतीनं शिपाई त्यांना उठून नमस्कार करायला लागले. बद्रीनाथराव लाजून जिन्यानं जाण्याऐवजी मागच्या गॅलरीतून जाऊ लागले.

उज्ज्वलाला यातलं फारसं कळू दिलं नव्हतं. शनिवारी रात्री बाप कॅनव्हासच्या बुटांना पांढरा रंग लावताना दिसला, तेव्हा ती जवळ बसली.

"बाबा, एवढं कशाला? तुम्ही जसे हायेत तसे जा ना."

"तसाच जाऊन राह्यलोय," बद्रीनाथराव म्हणाले. तिला हसू आलं. ते पाहून त्यांना इतकं भरून आलं की बुटाचा रंग लेंग्याला लागला. हिचं हसणं आपल्यामुळं मोडता कामा नये, त्यासाठी सहाच काय, साठ खड्डे हरू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

रविवारी ते फार्मच्या फाटकाशी पोचले. हातात दुर्गाबाईंनी दिलेली पिशवी, त्यात शाल आणि नारळ. मुलीचा बाप रिकाम्या हातानं जात नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पिशवी उघडली. बियाणांच्या फार्मवर चोरीला फार जपतात. मूळ वाणाचं मूठभर बी बाहेर गेलं तर कंपनीची कित्येक वर्षांची मेहनत जाते.

"नारळ आत न्येता येणार न्हाई," पहारेकरी म्हणाला.

"का?"

"भाईरचं बियाणं आत न्यायला बंदी हाय."

"हा नारळ आहे!"

"मंग? नारळ म्हंजे बीच हाय की." बद्रीनाथरावांनी मान हलवली. उज्ज्वला शेतीशास्त्राची पदवीधर, ती असती तर तिनंही मान हलवली असती. शालीच्या पिशवीसकट नारळ फाटकाच्या खोलीत जमा झाला. मग पहारेकऱ्यानं त्यांची पॅण्ट खालून झटकायला लावली, खिसे उलटे करायला लावले, आणि या अवस्थेत ते उभे असताना मेजरसाहेब जीप घेऊन आले.

"या या, बद्रीनाथराव!" मेजरसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. उलटे खिसे बाहेर लोंबत असल्यामुळे बद्रीनाथरावांना नीट वाकून नमस्कार करता आला नाही, ही त्यांना पहिली चूक वाटली.

मैदान म्हणजे एक लांबलचक पडीक रान होतं. एका बाजूला कपाशीचे प्लॉट, दुसऱ्या बाजूला बाभळी, मधून एक बांध. खड्ड्याभोवती हिरवळ नव्हती. तेल टाकून दाबलेली काळपट वाळू पसरलेली होती. मेजरसाहेबांनी त्यांना एक काठी दिली, कशी धरायची ते दाखवलं आणि म्हणाले, "मारा."

"आधी तुम्ही."

"पाहुणे तुम्ही."

"छे छे, आधी तुम्ही, मेजरसाहेब."

हे बराच वेळ चाललं. शेवटी मेजरसाहेबांनी मारलं. त्यांचा चेंडू सरळ रेषेत लांब गेला. बद्रीनाथरावांचा चेंडू जिथं होता तिथंच राहिला आणि मातीचं ढेकूळ मात्र बरंच पुढं गेलं. ते ढेकूळ त्यांनी धावत जाऊन आणलं आणि नीट होतं तसं बसवलं. मेजरसाहेबांना हे फार आवडलं. "वा," ते म्हणाले, "रीत माहीत हाय तुम्हाला."

पहिले चार खड्डे बद्रीनाथराव कोणताही प्रयत्न न करता हरले. त्यांचं सगळं लक्ष वागण्याकडे होतं. मेजरसाहेब मारायला उभे राहिले की हे सावली वाचवायला त्यांच्याभोवती फिरत. ऊन तिरपं असल्यामुळे सावली लांब पडे, म्हणून ते गुडघ्यात वाकून चालत. एकदा तर उकिडवेच बसले. मेजरसाहेबांना वाटलं, पोटात दुखतंय.

खरा घोटाळा बोलण्याचा झाला. समोरचा मारत असताना बोलायचं नाही हे ठीक. पण मारणं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे अण्णासाहेबांनी सांगितलं नव्हतं. खिडकीतून ते दिसलंही नसावं. मेजरसाहेबांच्या हातात काठी आहे तोवर बोलणं धोक्याचं, असा बद्रीनाथरावांनी हिशेब केला. आणि काठी तर सगळा वेळ हातातच होती.

"लग्न आपण साधं करू," मेजरसाहेब चालता चालता म्हणाले. "नोंदणी पद्धतीनं. तुमचं काय म्हणणं?"

बद्रीनाथरावांनी काठीकडे पाहिलं आणि नुसतं हसले.

"देणं-घेणं बिलकुल नको मला. आहेर बी नको. पटतंय ना?"

बद्रीनाथराव परत हसले.

"का न्हाई पटत?" मेजरसाहेब थांबले. हे खाली बघत राहिले. मेजरसाहेबांचा चेहरा जरा उतरला. आपण लग्नाचं बोलतोय आणि हा माणूस हसून वेळ मारून नेतोय, असं त्यांना वाटत होतं. बद्रीनाथरावांना मात्र आपण आज अगदी शोभून दिसतोय, असं वाटत होतं.

पाचवा खड्डा जवळ होता. मेजरसाहेबांचा चेंडू कधी नव्हे तो वाऱ्यानं वाकडा होऊन बाभळीत गेला. मग बद्रीनाथरावांनी डोळे मिटून, हरायचं हे मनात घट्ट धरून काठी फिरवली. चेंडू बांधावरच्या धोंड्याला लागला, तिथून उडून कडुनिंबाच्या फांदीवर आपटला आणि टपकन खाली, काळ्या वाळूत, खड्ड्यापासून वीतभर अंतरावर येऊन बसला.

"शाब्बास!" मेजरसाहेब मनापासून ओरडले. "बद्रीनाथराव, जिंकले तुम्ही हा खड्डा! मी माझा बॉल काढून येतो." आणि ते बाभळीत शिरले.

बद्रीनाथराव चेंडूजवळ एकटे उभे राहिले. हलकंसं टेकवलं तरी चेंडू आत जाणार होता. म्हणजे पुढच्या खड्ड्याला मुलीचा बाप पुढं आणि मुलाचा बाप मागं. दुर्गाबाईंचा चेहरा डोळ्यांपुढं आला. उज्ज्वलाचं हसणं आठवलं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि बुटाच्या टोकानं चेंडू हळूच बाजूला सरकवला.

वाळूला उतार होता. चेंडू थोडा लांब गेला, विचार बदलला आणि वळून खड्ड्याकडेच निघाला. बद्रीनाथराव धावले. अगदी काठावर त्यांनी तो पायाखाली दाबला. आता सभ्यपणे काही होणार नव्हतं. शाळेत असताना फुटबॉलला मारत तशी त्यांनी सणसणीत लाथ घातली. चेंडू कपाशीत गेला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मान वर केली, तर मेजरसाहेब बाभळीच्या बाहेर उभे होते. त्यांच्या हाताला काटा लागून रक्त आलं होतं. ते बघत होते.

मग मेजरसाहेबांनी शांतपणे विचारलं, "किती फटके झाले तुमचे?"

"नऊ," बद्रीनाथराव म्हणाले.

"मी तं एकच पाह्यला."

"नऊच."

मेजरसाहेबांनी टोपी काढली आणि बांधावर बसले. "फौजेत मी लई मोठमोठी माणसं पाह्यली," ते म्हणाले, "बॉल पायानं खड्ड्याजवळ सरकवणारी. लांब लाथाडणारा माणूस मी पहिल्यांदा पाह्यला. काय करून राह्यलेत तुम्ही, बद्रीनाथराव?"

काठी बाजूला ठेवलेली होती. बोलायला आता हरकत नव्हती. "तुम्ही मुलाकडचे," ते कसेबसे म्हणाले. "तुमच्या आधी मी कसा मारणार?"

मेजरसाहेबांनी टोपी हातात फिरवली.

"तुमची लेक आमच्या घरी आल्ती," ते म्हणाले. "चहा पिता पिता म्हणली, 'काका, माझी एकच अट हाय. लग्नात माझा बाप कोणापुढं वाकणार न्हाई.' मला पोरगी तिथंच पसंत पडली. म्हणून तं मी बैठक टाळली. म्हणलं, बैठकीत आपोआप एक गादीवर बसतो अन् एक सतरंजीवर. इथं तसं न्हाई. इथं दोन माणसं आपापला बॉल घेऊन बराबरीनं चालतात." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आता ती मला विचारील, काका, माझा बाप वाकला का? मी काय सांगू?"

बद्रीनाथरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चोरी केली असती तर निदान कशासाठी केली ते सांगता आलं असतं. आपण नम्रतेनं वागतोय या तोऱ्यात त्यांनी समोरच्या भल्या माणसाला हलकं ठरवलं होतं. एक खड्डा हरला म्हणून लेकीचं लग्न मोडणारा माणूस, अशी त्याची किंमत केली होती. आणि लेकीनं बापासाठी मागितलेली एकमेव गोष्ट बापानंच लाथाडली होती. त्यांना वर बघवेना.

"आज इथंच थांबू," मेजरसाहेब उठत म्हणाले. लग्नाचं काही बोलले नाहीत. फाटकावर बद्रीनाथरावांनी पॅण्ट झटकली, खिसे उलटे केले, नारळाची पिशवी परत घेतली आणि दोन रिक्षा सोडून देऊन चालत घरी निघाले.

अण्णासाहेबांच्या ओट्यावर सगळी कॉलनी बसलेली होती.

"काय झालं?" चारजणांनी एकदम विचारलं.

"हरलो," बद्रीनाथराव म्हणाले.

टाळ्या पडल्या. अण्णासाहेबांनी उठून पाठ थोपटली. मग तपशील विचारले गेले. बद्रीनाथरावांच्या अंगात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. पाचव्या खड्ड्यावर काय केलं ते त्यांनी सांगून टाकलं, पण बांधावर मेजरसाहेब काय बोलले ते मात्र सांगवलं नाही. लोकांना वाटलं, गोष्ट संपली.

"वा!" अण्णासाहेब गहिवरले. चेंडूला पाय लावायचा नाही हा आपलाच नियम ते विसरले होते. "हातातोंडाशी आलेली जीत लाथाडली! याला म्हणतात संस्कार. मुलीच्या बापानं कसं वागावं, बद्रीनाथरावांकडून शिका."

"मी तं म्हणलंच व्हतं," पुंजाराम म्हणाला, "हा माणूस हरायला कमी पडणार न्हाई." नंदाबाईंनी कुरडया माफ केल्या. दुर्गाबाईंनी पदर डोळ्याला लावला. नवऱ्याचं इतकं कौतुक त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. एकेका शब्दासरशी बद्रीनाथराव खाली खाली जात होते. थांबा म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं.

कौतुक ओसरल्यावर त्यांचं लक्ष गेलं. उज्ज्वला स्वतःच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

घरात गेल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "मी त्यांच्या घरी काय सांगून आल्ते, ठाऊक हाय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"सांगितलं मेजरसाहेबांनी."

"मी म्हणलं, माझे बाबा साधे हायेत, पण ताठ हायेत." तिनं ओट्याकडे हात केला. "लोक टाळ्या वाजवून राह्यले व्हते, अन् मला लाज वाटून राह्यली व्हती, बाबा. त्यांची न्हाई. तुमची."

दुर्गाबाई काहीतरी समजवायला पुढं झाल्या, तर बद्रीनाथरावांनीच त्यांना हातानं थांबवलं. दुपारभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि ऊन उतरल्यावर त्यांनी परत कॅनव्हासचे बूट घातले. ते काही बोलायच्या आत उज्ज्वलानं लुना बाहेर काढली. लेकीच्या मागं बसून, दोन्ही पाय जमिनीपासून कसेबसे वर धरून, अख्ख्या कॉलनीच्या देखत ते मंठा रोडला लागले.

मेजरसाहेबांचा बंगला फार्मवरच होता. ते व्हरांड्यात बसले होते, हाताला पट्टी. बद्रीनाथराव पायरीवरच थांबले. रस्ताभर त्यांनी दिलगिरीचं एक लांबलचक वाक्य जुळवलं होतं, कचेरीच्या भाषेत, 'सदर प्रकाराबाबत' असं सुरू होणारं. ते सगळं विसरलं.

"पाचवा खड्डा मी जिंकला होता," ते म्हणाले.

"माहीत हाय मला," मेजरसाहेब म्हणाले. त्यांनी एकदा उज्ज्वलाकडे, एकदा मावळतीच्या उजेडाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवलेली काठ्यांची पिशवी उचलली. "मंग सहावा राह्यला की आपला. मान तुमचा. चला जल्दी, अंधार पडायच्या आत."

सहाव्या खड्ड्याच्या सुरुवातीला तिघं उभे राहिले. 'आधी तुम्ही' हे शब्द बद्रीनाथरावांच्या अगदी ओठापर्यंत आले. त्यांनी ते गिळले. मेजरसाहेब दोन पावलं मागं, बाजूला, सावली पडणार नाही असे जाऊन उभे राहिले. मुलाचा बाप मागं आणि बद्रीनाथराव पुढं. त्यांनी चेंडू मांडला, काठी वर नेली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून फिरवली.

काठी चेंडूच्या वरून निघून गेली. ते स्वतःभोवती अर्धे फिरले आणि थांबले तेव्हा तोंड मेजरसाहेबांकडे झालं होतं. चेंडू जागच्या जागी होता. कोणी हसलं नाही. मेजरसाहेब वर आभाळात बघत होते, तिथून पोपटांचा थवा चालला होता.

"हवेत गेलेला मोजतात का?" बद्रीनाथरावांनी विचारलं. त्यांचे कान तापले होते.

"मोजतात," मेजरसाहेब आभाळातून नजर न काढता म्हणाले. "पण मी पाह्यला न्हाई. मी पोपट बघत व्हतो."

बद्रीनाथरावांनी उज्ज्वलाकडे पाहिलं नाही. लाज अंगभर पसरली होती, पण या वेळी ती लपवायला कुठं जावं, असं काही त्यांना वाटलं नाही.

"मी पाह्यला," ते म्हणाले. "एक." आणि त्यांनी परत काठी उचलली.